सारखेपणा आणि भेद : फुलपाखरांच्या ओळखीचे मराठी वर्णन

१

पेठ वडगाव हे कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. गावाभोवती उसाची शेते, बांधांवर रुई आणि घाणेरी, पावसाळा सरता सरता मोकळ्या रानात पसरलेली घोळ आणि घरांच्या परसांत कढीलिंब व लिंबू ही तेथील वनस्पतिसृष्टी दक्षिण महाराष्ट्रातील कोणत्याही गावी आढळेल इतकी सामान्य आहे. ह्याच सामान्य परिसरात ओळखीचा एक कूटप्रश्न दर वर्षी उभा राहतो. बांधावरून एक नारिंगी-तांबूस फुलपाखरू संथपणे उडत जाते. त्याच्या पुढच्या पंखांची टोके काळी असून त्यांवर पांढरा तिरकस पट्टा असतो. काही अंतरावर त्याच रंगाचे, त्याच पट्ट्याचे दुसरे एक फुलपाखरू जमिनीलगत घुटमळताना दिसते. शाळेत जाणारा मुलगा दोहोंना एकच नाव देतो, आणि त्याच्या हातातील मराठी परिचयपुस्तिकेचे शब्द त्याला अडवीत नाहीत. वस्तुतः पहिले फुलपाखरू रुईवर वाढलेला बिबळ्या कडवा असून दुसरे घोळीवर वाढलेली छोटा चांदवा ह्या जातीची मादी आहे. शास्त्रीय नावांनी बोलावयाचे तर पहिले डॅनाउस क्रिसिपस आणि दुसरे हिपोलिम्नस मिसिपस. दोहोंचे कुळ एक असले, तरी त्या कुळाच्या शाखा निरनिराळ्या आहेत, आणि एकमेकींशी त्यांचे नाते फार दूरचे आहे.

हे साम्य आकस्मिक नव्हे. कडव्याचा सुरवंट रुईच्या कुळातील वनस्पतींवर पोसला जातो आणि त्या वनस्पतींतील विषारी द्रव्ये अंगात साठवितो. परिणामी त्याचे फुलपाखरू पक्ष्यांना खाण्याजोगे वाटत नाही. एकदा तोंड पोळलेला पक्षी तो पोशाख लक्षात ठेवतो. चांदव्याच्या मादीला असे संरक्षण नाही, म्हणून तिने कडव्याचा पोशाख घेतला आहे. निसर्गाने जे सारखेपण पक्ष्यांना फसविण्यासाठी घडविले, ते माणसासही फसविते, ह्यात नवल नाही. तथापि माणसापाशी पक्ष्याहून एक साधन अधिक आहे, आणि ते म्हणजे भाषा. ज्या भाषेत फुलपाखरांचे वर्णन केले जाते, तिने हा भेद दाखवावयास हवा. तो ती दाखविते काय, हा प्रश्न जितका प्राणिशास्त्राचा, तितकाच भाषाविचाराचा आहे.

२

भारतीय फुलपाखरांच्या वर्णनाची परंपरा मुख्यतः इंग्रजीत वाढली. मुंबईची निसर्ग इतिहास संस्था १८८३ साली स्थापन झाली, आणि तिच्या नियतकालिकात डेव्हिडसन, बेल आणि एटकेन ह्या तिघा अधिकाऱ्यांनी उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवर १८९६ पासून लेख प्रसिद्ध केले. त्या लेखनाचा विशेष असा, की त्यात पंखांच्या रंगाइतकेच सुरवंट, कोष आणि त्यांच्या खाद्यवनस्पती ह्यांना महत्त्व होते. पुढे ब्रिगेडियर एव्हान्स ह्यांचा ‘द आयडेंटिफिकेशन ऑफ इंडियन बटरफ्लाइज’ हा ग्रंथ १९२७ साली प्रसिद्ध झाला व १९३२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्याची रचना कोष्टकवजा आहे. प्रत्येक पायरीवर भिन्न लक्षणे समोरासमोर ठेवलेली असतात. वाचकाने त्यांतील एक निवडावे, पुढच्या पायरीवर जावे आणि अखेर एका नावाशी पोचावे. ह्या ग्रंथात अलंकार नाही, वर्णनाचा विस्तारही नाही. त्याची सर्व शक्ती विरोधात आहे : हे असेल तर ते नव्हे.

परंतु एव्हान्सचा वाचक टाचणीने टोचून पंख पसरलेला नमुना समोर घेऊन बसलेला आहे. रानातल्या फुलपाखराकडे पाहणाऱ्याला पंखांच्या शिरा मोजता येत नाहीत. विंटर-ब्लाइथ ह्यांचा १९५७ सालचा ‘बटरफ्लाइज ऑफ द इंडियन रीजन’ हा ग्रंथ ह्या दृष्टीने पुढचे पाऊल होता, कारण त्यात उडण्याची ढब, बसण्याची रीत, ऋतू आणि स्थळ ह्यांना वर्णनात स्थान मिळाले. कृष्णमेघ कुंटे ह्यांचा द्वीपकल्पीय भारतातील फुलपाखरांवरील ग्रंथ २००० साली आणि आयझॅक किहीमकर ह्यांचा भारतीय फुलपाखरांवरील ग्रंथ २००८ साली आला. दोघेही महाराष्ट्रात वाढलेले अभ्यासक, पण हे दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत.

मराठीतील फुलपाखरूविषयक लेखन ह्या मानाने अलीकडचे आहे, आणि गेल्या काही वर्षांत ते उत्साहाने वाढले आहे. २०१५ साली महाराष्ट्राने फुलपाखराला राज्यचिन्हांत स्थान दिले. असे करणारे ते भारतातील पहिले राज्य होय. त्यानंतर राज्य जैवविविधता मंडळाने महाराष्ट्रातील फुलपाखरांसाठी मराठी नावे सिद्ध केली. वृत्तपत्रे, शालेय पुस्तिका, उद्यानांतील फलक ह्या सर्वांतून ती नावे आता रुळू लागली आहेत. हे कार्य मोलाचे आहे, ह्याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. परंतु नावांबरोबर जे वर्णन मराठीत दिले जाते, त्याचा प्रकार पाहिला म्हणजे एक उणीव तत्काळ जाणवते. हे वर्णन बहुधा सारखेपणाच्या मार्गाने जाते. पंख मखमली असतात, ठिपके मोत्यांसारखे असतात, रंग सायंकाळच्या आभाळासारखा असतो. वाचकाच्या मनात प्रतिमा उभी राहते, पण ती प्रतिमा एकाच फुलपाखराची आहे ह्याची हमी मिळत नाही.

३

ह्या उणिवेचे परीक्षण करण्यासाठी परकीय शास्त्राकडे धाव घेण्याचे कारण नाही. आपल्याकडील नैयायिकांनी ‘लक्षण’ म्हणजे काय, ह्याचा विचार फार पूर्वी केला आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहावरील दीपिका टीका ज्याने प्राथमिक अभ्यासापुरती वाचली, त्यालाही लक्षणाचे तीन दोष परिचित असतात. गायीचे लक्षण ‘शिंगे असणे’ असे केले, तर ते म्हशीलाही लागू पडते. ही अतिव्याप्ती. ‘कपिल वर्ण असणे’ असे केले, तर पांढरी गाय सुटून जाते. ही अव्याप्ती. ‘अखंड खूर असणे’ असे केले, तर ते एकाही गायीला लागू पडत नाही. हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी पोळी हे मात्र गायीचे लक्षण ठरते, कारण ते सर्व गायींत असते आणि गायींखेरीज अन्यत्र नसते.

हे माप फुलपाखरांच्या मराठी वर्णनाला लावून पाहावे. ‘नारिंगी पंख, काळे टोक, त्यावर पांढरा पट्टा’ हे बिबळ्या कडव्याचे नेहमी दिले जाणारे वर्णन अतिव्याप्त आहे, कारण ते चांदव्याच्या मादीलाही तंतोतंत लागू पडते. चमत्कार असा, की तेच वर्णन अव्याप्तही आहे. कडव्याचे एक रूप असे असते, की त्याच्या पंखाचे टोक काळे नसते व त्यावर पांढरा पट्टाही नसतो. चांदव्याच्या मादीतही त्याला जुळणारे रूप सापडते. तेव्हा जे चिन्ह डोळ्यांत प्रथम भरते, तेच ओळखीला सर्वांत निरुपयोगी ठरते. खरा भेद मागच्या पंखावर आहे. कडव्याच्या मागच्या पंखाच्या मधल्या भागात तीन काळे ठिपके असतात, आणि नरास गंधपेशींच्या डागामुळे चौथा दिसतो. चांदव्याच्या मादीस पंखाच्या वरच्या कडेजवळ एकच काळा ठिपका असतो. तीनच्या जागी एक, एवढ्या गणनेने प्रश्न सुटतो. पण वर्णनकाराने त्या ठिपक्यांकडे वाचकाचे लक्ष वेधावयास हवे, आणि ते वेधावयाचे तर दुसरे फुलपाखरू वर्णनात उपस्थित असले पाहिजे.

अव्याप्तीचे याहून उघड उदाहरण संध्याकाळी घराच्या भिंतीशी येणाऱ्या मेलानिटिस लेडा ह्या तपकिरी फुलपाखराचे. पावसाळ्यात त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूस डोळ्यांसारख्या वर्तुळांची रांग ठळक दिसते. उन्हाळ्याकडील पिढीत ती जवळजवळ लोपते, पंखाची कड अधिक कोनयुक्त होते, आणि बसलेले फुलपाखरू वाळक्या पानाहून निराळे काढणे कठीण जाते. केवळ वर्तुळांचे लक्षण सांगणारे पुस्तक अर्धे वर्ष खरे आणि अर्धे वर्ष खोटे असते.

ह्या बाबतीत सर्वांत बोधप्रद इतिहास पॅपिलिओ पॉलिटस ह्या जातीचा आहे. हिचा नर काळा असून मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ असते. मादीची रूपे मात्र तीन. एक नरासारखे, दुसरे कॉमन रोझ ह्या फुलपाखरासारखे, आणि तिसरे क्रिमझन रोझ ह्या फुलपाखरासारखे. लिनिअसने १७५८ साली नराला पॅमन आणि मादीला पॉलिटस अशी वेगवेगळी नावे देऊन दोन जाती कल्पिल्या. क्रिमझन रोझला त्याने हेक्टर म्हटले. पॅमन, पॉलिटस आणि हेक्टर हे तिघेही ग्रीक कथेतील ट्रॉयच्या राजाचे, प्रिअमचे पुत्र. काळ्या पंखांच्या आणि अंगावर रक्तवर्णी ठिपके असलेल्या फुलपाखरांना ट्रॉयचे सरदार समजावे, असा लिनिअसचा संकेत होता. सारख्या पोशाखामुळे जे परके होते ते भाऊ ठरले, आणि जे पतिपत्नी होते तेही भाऊ ठरले. १८६५ साली वॉलेस ह्यांनी मलायाकडील ह्या कुळावर लिहिताना मादीच्या बहुरूपतेचा उलगडा केला. १९१३ साली फ्रायर ह्यांनी सिलोनमध्ये ह्या फुलपाखरांच्या पिढ्या वाढवून ती रूपे आनुवंशिकतेच्या नियमांनी उतरतात हे दाखविले. आणि २०१४ साली कृष्णमेघ कुंटे व त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या रूपांचे नियंत्रण एकाच जनुकाकडे असल्याचे सिद्ध केले. नर-मादी भेद घडविण्यात ज्याचा वाटा आहे, तोच हा जनुक.

रानातील निरीक्षकाला मात्र जनुकाची आवश्यकता नाही. रोझ गटातील दोन्ही फुलपाखरांचे डोके आणि पोट लाल असते, तर त्यांची नक्कल करणाऱ्या मादीचे शरीर काळे असते. पोशाख उसना घेता आला, पण अंग तेच राहिले. शिवाय रोझ संथ आणि समपातळीत उडतात व सापसंदाच्या वेलीवर अंडी घालतात. पॉलिटसची मादी लिंबू-कढीलिंबावर अंडी घालते. परसातील कढीलिंबाच्या कोवळ्या पानांवर घिरट्या घालणारे ‘रोझ’ हे रोझ नव्हेच, असे पंखांकडे न पाहताही सांगण्याचे धैर्य ज्याला असते, त्याला ह्या जातींची ओळख झाली असे म्हणता येईल.

४

भाषाभ्यासकाला ह्या सर्व प्रकारात एक परिचित चित्र दिसते. सोस्यूरची व्याख्याने १९१६ साली त्याच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. भाषिक घटकाचे स्वरूप त्याच्या स्वतःच्या गुणांनी ठरत नसून इतर घटकांपासूनच्या भेदाने ठरते, हा त्यांतील मध्यवर्ती विचार आहे. मराठी भाषकाला तो उदाहरणाने सहज पटतो. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे ‘जिवंत राहा’ हे दोन शब्द कागदावर एकसारखे आहेत. उच्चारात पहिल्याचा ज तालव्य, तर दुसऱ्याचा दंतमूलीय. जो केवळ लेखन पाहतो त्याला भेद दिसत नाही, आणि जो भाषा ऐकतो त्याला तो कधी चुकत नाही. कडवा आणि चांदव्याची मादी ही अशीच एका लेखनाची दोन उच्चारणे आहेत. छायाचित्रात ती एक वाटतात, पण त्यांची चाल, त्यांची वनस्पती आणि ठिपक्यांची संख्या ती वेगळी करतात. उलट ‘मी’, ‘मला’ आणि ‘माझा’ ह्या रूपांत वरवर साम्य थोडेच, तरीही ती एकाच शब्दाची रूपे आहेत. पॉलिटसच्या तीन प्रकारच्या माद्या ह्या अशा. भिन्न रूप म्हणजे भिन्न जाती नव्हे, आणि समान रूप म्हणजे समान जाती नव्हे. व्याकरणकाराला ज्ञात असलेले हे सत्य फुलपाखरांच्या वर्णनकारालाही पाळावे लागते.

आता नावांकडे वळावे. इंग्रजी नावे बहुतांशी त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या मनोविश्वातून आली. सार्जंट, कमांडर, बॅरन, नबाब अशी हुद्द्यांची व पदव्यांची गर्दी त्यांत आहे. पॉलिटसला ‘मॉरमॉन’ म्हणतात, कारण त्याच्या अनेक प्रकारच्या माद्या पाहून कुणाला बहुपत्नीत्वाची आठवण झाली. ‘जेझबेल’ ही बायबलातील राणी. असली नावे मराठी मुलास पाठ करावयास लावणे म्हणजे त्याला एका दूरच्या समाजाचे विनोद पाठ करावयास लावणे होय. ह्या तुलनेत मराठी नावे कितीतरी सरस आहेत. ‘कडवा’ हे नाव चवीचे आहे आणि त्या गटाच्या जीवनाचे रहस्यच सांगते. सहा पायांपैकी पुढचे दोन आखूड होऊन केसाळ कुंचल्यासारखे झालेले ज्या कुळात असतात, त्याला ‘कुंचलपाद’ म्हणणे हे संस्कृत घटकांचा योग्य उपयोग करून साधलेले नाव आहे.

तरीही काही नावांची चिकित्सा आवश्यक आहे. राज्य फुलपाखराला २०१५ साली ‘राणी पाकोळी’ असे म्हटले गेले. पण पाकोळी हे वेगाने उडणाऱ्या एका पक्ष्याचेही नाव आहे. एकाच शब्दावर पक्षी आणि कीटक ह्या दोहोंचा भार टाकण्यात सोय नाही. नंतर रूढ झालेले ‘नीलवंत’ हे नाव त्या दृष्टीने निर्दोष आहे. ज्या कुळात नीलवंत मोडतो त्या कुळाला ‘पुच्छ’ हे नाव दिले आहे, पण खुद्द नीलवंताच्या पंखाला शेपूट नसते. ही अव्याप्ती मूळ इंग्रजी नावातीलच असून ती भाषांतराबरोबर मराठीत उतरली. ‘चांदवा’ हे नाव नराच्या काळ्या पंखांवरील चंद्रासारख्या पांढऱ्या डागांवरून सार्थ आहे, पण मादीच्या अंगावर त्या चंद्राचा मागमूस नाही. नराच्या रूपावर बेतलेले पुल्लिंगी नाव मादीला झाकून टाकते, आणि ओळखीतील चूक नेमकी मादीच्या बाबतीत होते.

‘हळदीकुंकू’ हे नाव ह्या सर्वांत गोड. डेलिअस युकॅरिस ह्या फुलपाखराच्या मागच्या पंखाची खालची बाजू पिवळी असून कडेने लाल ठिपके असतात. नाव ऐकताच चित्र उभे राहते. परंतु सह्याद्रीच्या ओल्या अरण्यांत प्रायोनेरिस सिटा नावाचे एक फुलपाखरू आहे, आणि त्याच्याही पंखाला हळद आणि कुंकू दोन्ही आहेत. भेद कुंकवाच्या आकारात आहे. युकॅरिसचे लाल ठिपके आतल्या बाजूस निमुळते, बाणाच्या टोकासारखे असतात, तर सिटाचे चौकोनी. पहिल्याचा सुरवंट बांडगुळावर पोसतो, दुसऱ्याचा वाघाटीच्या कुळातील वेलींवर. वडगावच्या सपाटीवर सिटाची शंका घेण्याचे कारण सहसा पडणार नाही, पण वडगावचाच विद्यार्थी सुटीत घाटातल्या अरण्यात गेला, की ‘हळदीकुंकू’ हे नाव त्याला मार्गदर्शक न राहता सापळा होते.

मग अशी नावे बदलावीत काय ? तसे सुचविणे म्हणजे नावाचे कार्य न समजणे होय. नाव हे लक्षण नव्हे. ‘गाय’ ह्या शब्दात गळ्याखालची पोळी कोठेही नाही, तरी व्यवहार अडत नाही. नाव संकेताने चालते. ते सुटसुटीत असावे, लक्षात राहावे, एकाच वस्तूकडे बोट दाखवावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. दोष नावांचा नाही. नाव उलगडून सांगितले म्हणजे वर्णन झाले, अशा समजुतीचा तो आहे. ‘हळदीकुंकू : हळद आणि कुंकवाच्या रंगांचे फुलपाखरू’ हे वर्णन नसून पुनरुक्ती आहे.

परिभाषेच्या शिथिलतेचे एक उदाहरण येथेच नोंदविणे युक्त होईल. मराठी विश्वकोशाच्या वनस्पतिविषयक नोंदींत ‘जाती’ हा शब्द सर्वांत खालच्या, म्हणजे परस्परांत प्रजनन करणाऱ्या गटासाठी, आणि ‘प्रजाती’ हा त्याच्या वरच्या गटासाठी योजलेला आढळतो. आजच्या वृत्तपत्रांत आणि पुस्तिकांत सर्वांत खालच्या गटालाच ‘प्रजाती’ म्हणतात. जेथे सर्व प्रश्न ‘ही एक जाती की दोन’ असा आहे, तेथे जाती हा शब्दच दोन अर्थांनी वापरला जावा, ह्यासारखी विसंगती नाही.

५

मराठीत भेद दाखविण्याचे सामर्थ्य नाही, असा निष्कर्ष ह्यावरून कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारात उभे राहून बोलणे ऐकले, तर त्याचे उत्तर आपोआप मिळते. खिलार म्हटल्यावर तेथे कोणाचे समाधान होत नाही. तो काजळी आहे की कोसा, हे सांगावे लागते. अंग ढवळे की खैरे, डाग असले तर बांडे किती, शिंगांचा वळसा कसा, खुरांचा रंग कोणता, ह्या प्रत्येक गोष्टीला शब्द आहे आणि प्रत्येक शब्द दुसऱ्या कशापासून तरी वेगळेपण दाखविण्यासाठी आहे. तेथे बैलाला कोणी मोत्यासारखा म्हणत नाही, कारण उपमेवर पैसे मोजता येत नाहीत. जेथे चुकीची किंमत द्यावी लागते, तेथे भाषा आपोआप व्यवच्छेदक होते.

दुसरे भांडार ह्याच तालुक्यातील इचलकरंजीच्या मागांवर आहे. फुलपाखराच्या पंखाचे वर्णन करताना नेहमी अडचण येते ती भागांच्या नावांची. काठ, किनार, पदर, बुट्टी, चौकडी, आडवा पट्टा, उभी रेघ, विटका रंग, दुरंगी झाक हे शब्द कापडाच्या परिचयामुळे घरोघरी कळतात, आणि पंख हे अखेर नक्षीचे एक कापडच आहे. पंख शरीराला जोडला जातो तो भाग बूड, बाहेरची कड तो काठ, वरचा कोपरा ते टोक, असे ठरविले तर कोणाला कोश उघडावा लागणार नाही. शिरांनी वेढलेली पंखाच्या मध्याकडील जी मोकळी जागा ओळखीच्या दृष्टीने फार महत्त्वाची असते, तिला सारीपाटावरून ‘घर’ म्हणता येईल. इंग्रजीत तिला जो शब्द आहे, तोच जीवशास्त्रात पेशीसाठीही वापरतात. तो पाहून कोणी मराठीत तिला ‘पेशी’ म्हटले, तर अर्थाचा अनर्थ होईल. ‘घर’ ह्या शब्दाला तो धोका नाही.

ह्या शब्दांनी भेददर्शक वर्णन कसे होते, ह्याचा एक नमुना गवतातल्या पिवळ्या फुलपाखरांवरून पाहता येतो. युरेमा ह्या गटातील ही लहान फुलपाखरे बांधाबांधांवर दिसतात, बसताना पंख मिटून घेतात, आणि त्यामुळे पंखाच्या वरच्या बाजूच्या काळ्या काठावर आधारलेले लक्षण रानात बहुधा निरुपयोगी ठरते. ‘पिवळे धमक लहान फुलपाखरू’ हे वर्णन त्यांतील प्रत्येकाला लागू आहे. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘पंख मिटलेले असताना पुढच्या पंखाच्या घरात पाहावे. घरात सामान्यतः दोन तपकिरी खुणा असतील तर हेकाबे, तीन असतील तर ब्लँडा. हेकाबेची मादी अंडी एकेकटी घालते, ब्लँडाची पुंजक्याने घालते, म्हणून सुरवंटांचा थवा एका फांदीवर दिसल्यास ब्लँडाचा विचार आधी करावा. खुणा पुसट असल्यास किंवा घर पुढच्या कडेखाली झाकले गेले असल्यास केवळ पिवळ्या रंगावरून नाव देऊ नये.’ ह्या चार वाक्यांत एकही उपमा नाही. पण ती वाचणाऱ्याला कोठे पाहावे, काय मोजावे आणि केव्हा थांबावे, हे तिन्ही कळते.

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. आज प्रत्येकाच्या हातात छायाचित्र घेण्याचे साधन असल्यामुळे नोंदींची संख्या झपाट्याने वाढली आहे. एखादी जाती कोठे आढळते, केव्हा आढळते, कमी होते आहे की वाढते आहे, ह्याचे अनुमान पुढे ह्याच नोंदींवरून केले जाईल. एका बाजूने घेतलेल्या, एकाच पंखाच्या छायाचित्रावर नाव ठोकून देण्याची सवय लागली, तर चुकीच्या नोंदी खऱ्या नोंदींत मिसळून जातील आणि त्या वेगळ्या काढणे कोणालाही शक्य होणार नाही. घोळीवर वाढणारी जाती रुईवाल्या जातीच्या नावाखाली मोजली गेली, तर शेतांतून घोळ खुरपून नाहीशी झाल्याचा परिणाम कागदावर कधीच दिसणार नाही. ‘एवढ्यावरून सांगता येत नाही’ हे वाक्य लिहिण्याची सोय मराठी पुस्तिकांनी आपल्या वाचकाला करून दिली पाहिजे. ती अज्ञानाची कबुली नसून ज्ञानाची शिस्त आहे.

६

ह्याचा अर्थ उपमेला फुलपाखरांच्या वर्णनातून हद्दपार करावे असा नाही. मुलाचे लक्ष प्रथम वेधले जाते ते सौंदर्याने, आणि हळदीकुंकवासारख्या नावाने मनात रुजलेले कुतूहल कोष्टकाने रुजणार नाही. उपमा दाराशी नेते. आत गेल्यावर भेदाची गरज लागते. आजवरच्या मराठी लेखनाने पहिले काम चांगले केले आहे, दुसरे अद्याप करावयाचे आहे. ते केले गेले नाही, तर मराठी पुस्तिका वाचणारा विद्यार्थी फुलपाखरांवर प्रेम करील, पण त्यांची ओळख पटविण्याची वेळ आली की इंग्रजी ग्रंथ उघडील. मातृभाषा कौतुकाची आणि परभाषा ज्ञानाची, अशी ही वाटणी अन्य विषयांत पूर्वीपासून झालेली आहे, आणि तिचे दुष्परिणाम सर्वविदित आहेत. हे क्षेत्र नवे आहे, त्याची परिभाषा अद्याप घट्ट झालेली नाही, म्हणून ती वाटणी येथे टाळणे अजून शक्य आहे.

त्यासाठी करावयाचे काम मर्यादित आणि साध्य आहे. जेथे जेथे दोन जातींची गफलत होते, तेथे तेथे त्या दोहोंचे वर्णन एकत्र, समोरासमोर द्यावे. नर, मादी आणि ऋतुभेदाने बदलणारी रूपे वेगवेगळी सांगावीत. पंखांबरोबर वनस्पती आणि चाल ह्यांना लक्षणाचा दर्जा द्यावा. पंखाच्या भागांसाठी घरोघरी कळणारे शब्द एकदा निश्चित करून सर्वांनी तेच वापरावेत. आणि प्रत्येक वर्णन लिहून झाल्यावर त्याला नैयायिकाचा जुना प्रश्न विचारावा : हे आणखी कोणाला लागू पडते काय ? वडगावच्या बांधावरील त्या मुलाच्या पुस्तिकेत कडव्याच्या वर्णनाशेजारी चांदव्याच्या मादीचे नाव आणि ‘मागच्या पंखावरचे ठिपके मोजा’ एवढे तीन-चार शब्द असते, तर त्याची चूक त्याने स्वतःच दुरुस्त केली असती. तेवढे तीन-चार शब्द पुरविणे मराठीला अवघड नाही.